ऑप-अँपचं आउटपुट रेलपर्यंत नेमकं किती पोचतं? तापमानासकट अंदाज बांधण्याची पद्धत

ऑप-अँप म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप. तिच्या डेटाशीटच्या (उत्पादकाच्या माहितीपत्रकाच्या) पहिल्या पानावर ‘रेल-टू-रेल आउटपुट’, म्हणजे आउटपुट सप्लायच्या एका टोकापासून (रेलपासून) दुसऱ्या टोकापर्यंत जातं, असं ठळक छापलेलं असतं आणि आतल्या तक्त्यात २५ मिलीव्होल्टसारखा एखादा गोंडस आकडा असतो. तो आकडा खोटा नसतो. पण तो एका ठरावीक लोडचा (आउटपुटला जोडलेल्या भाराचा), एका ठरावीक सप्लायचा आणि बऱ्याचदा फक्त २५ °से. चा असतो. तुमच्या सर्किटमध्ये यातली एकही अट जुळत नसेल, तर ५ व्होल्टच्या सप्लायवर तुम्ही ४.९७ व्होल्ट गृहीत धरता आणि चाचणीच्या गरम चेंबरमध्ये आउटपुट ४.४ च्या वर जायला तयार नसतं. मी आकडा फुगवून सांगत नाही. पुढे आकडेमोड करत आपण तिथेच पोचणार आहोत.

स्विंगचा, म्हणजे आउटपुट किती वर-खाली जाऊ शकतं याचा, अंदाज चुकतो, कारण आपण त्याला व्होल्टेज समजतो. ‘रेलपासून २५ मिलीव्होल्ट’ हा त्या ऑप-अँपचा कायमचा गुण नाही. आउटपुटच्या ट्रान्झिस्टरमधून तेव्हा जो प्रवाह जात होता, त्यामुळे ट्रान्झिस्टरवर पडलेली ती घट आहे. प्रवाह बदलला की घट बदलते, तापमान बदललं की पुन्हा बदलते. रेल आणि आउटपुट यांच्यातल्या या फरकाला आपण हेडरूम म्हणू. अंदाज बांधायचा तो हेडरूमचा. स्विंग त्यातून आपोआप निघतो.

आत कोणता ट्रान्झिस्टर बसलाय?

सुरुवात इथून करा, कारण गरमीत वाईट होणार की थंडीत, हे यावरच ठरतं.

जुन्या धाटणीच्या ऑप-अँपमध्ये आउटपुटला एमिटर फॉलोअर असतो, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या एमिटरवरून आउटपुट घेतलेलं असतं. १९६८ चा ७४१ हा त्याचा आदिनमुना. ±१५ व्होल्टवर १० किलोओहम लोडला तो टिपिकल ±१४ आणि हमीने ±१२ व्होल्ट देतो; २ किलोओहमला हमी ±१० वर येते. इथे हेडरूम म्हणजे मुख्यतः बेस-एमिटरची घट, आणि तिच्यावर बसलेल्या करंट सोर्सला (ठरावीक प्रवाह देणाऱ्या भागाला) लागणारी थोडी जागा. बेस-एमिटरची घट दर अंशाला साधारण २ मिलीव्होल्टने उतरते. म्हणजे फॉलोअरवाल्या ऑप-अँपला थंडी बाधते.

एलएम३५८ घ्या. त्याची वरची बाजू रेलपासून साधारण दीड व्होल्ट खाली राहते, कारण आत डार्लिंग्टन जोडी आहे, म्हणजे बेस-एमिटरच्या दोन घटी. त्याच घराण्यातला एलएम१५८ −५५ ते १२५ °से. साठी आहे. तो २५ वरून −५५ ला नेला, तर ८० अंश × २ मिलीव्होल्ट × २ जोड = ३२० मिलीव्होल्ट जास्तीचे जातात. दीडाचं १.८ व्होल्ट होतं. इतका हिशोब पाठीमागच्या कोऱ्या कागदावर होतो, पण तो न करता फक्त गरम टोकाला चाचणी घेऊन मोकळे होणारे पुष्कळ.

आजचे बहुतेक सीमॉस (मॉसफेट ट्रान्झिस्टरचे) ऑप-अँप वेगळे. त्यांच्या आउटपुटला वर पीमॉस आणि खाली एनमॉस मॉसफेट असतो, दोघांचे ड्रेन आउटपुटला जोडलेले. रेलच्या अगदी जवळ गेल्यावर हा मॉसफेट चक्क एखाद्या रेझिस्टरसारखा वागतो. हेडरूम = प्रवाह × ऑन-रेझिस्टन्स, बस. हा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, कारण सिलिकॉनमधल्या वाहकांची चपळता उतरते. केल्विनमधल्या तापमानाच्या साधारण दीडाव्या घाताने. २९८ केल्विनवरून ३९८ ला गेलं की (३९८/२९८) चा १.५ घात, म्हणजे १.५४. लक्षात ठेवायला सोपं: २५ वरून १२५ °से. ला ऑन-रेझिस्टन्स दीडपट. थ्रेशोल्ड व्होल्टेज (ज्या गेट व्होल्टेजला मॉसफेट चालू होतो ते) मात्र तापमानाबरोबर उतरतं आणि या वाढीतला थोडा भाग परत देतं. सप्लाय १.८ व्होल्टसारखा कमी असेल, तर ही परतफेड मोठी असते आणि दीडपटीचा नियम लागू पडत नाही. ५ व्होल्टला तो सुरक्षित बाजूने चुकतो, आणि आपल्याला तेच हवं आहे.

तिसरा प्रकार रेल-टू-रेल बायपोलरचा, ज्यात कॉमन-एमिटर आउटपुट असतं. हलक्या लोडला तिथे संपृक्त (पूर्ण चालू झालेल्या) ट्रान्झिस्टरची काही दहा मिलीव्होल्टची घट दिसते. गरमीत कलेक्टरचा अंगभूत रेझिस्टन्स वाढतो. थंडीत बीटा (ट्रान्झिस्टर बेसचा प्रवाह किती पट करतो तो आकडा) घसरतो आणि जड लोडला बेसचा प्रवाह अपुरा पडू लागतो. त्यामुळे इथे एक टोक पाहून भागत नाही, दोन्ही पाहायची.

तक्त्यातला आकडा कोणत्या अटीवर दिलाय?

एमसीपी६००१ हा स्वस्त, सर्रास वापरला जाणारा ऑप-अँप उदाहरणाला घेऊ. डेटाशीट सांगतं: स्विंग दोन्ही रेलपासून २५ मिलीव्होल्टच्या आत. अटी बारीक अक्षरात असतात: सप्लाय ५.५ व्होल्ट, लोड १० किलोओहम आणि तो अर्ध्या सप्लायला जोडलेला, तापमान २५ °से., शिवाय इनपुटला अर्ध्या व्होल्टचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गरजेपेक्षा जास्तीचा धक्का.

‘अर्ध्या सप्लायला जोडलेला’ हे तीन शब्द सगळ्यांत महागात पडतात. आउटपुट ५.४७५ व्होल्टवर असताना लोडवर फक्त २.७२५ व्होल्ट असतात, म्हणजे प्रवाह २७२ मायक्रोअँपिअर. तोच १० किलोओहम तुम्ही ग्राउंडला जोडलात, तर वरच्या टोकाला प्रवाह दुप्पट आणि हेडरूमही दुप्पट. उलट खालच्या टोकाला ग्राउंडचा लोड मदतच करतो, कारण आउटपुट खाली ओढायला तो हातभार लावतो. म्हणून वरची आणि खालची बाजू कधीही एकाच आकड्यात मोजू नका. आत ट्रान्झिस्टर वेगळे, प्रवाह वेगळे.

आता या आकड्यातून रेझिस्टन्स काढून ठेवा: २५ मिलीव्होल्ट ÷ २७२ मायक्रोअँपिअर ≈ ९२ ओहम. डेटाशीटमधली ही हमीची मर्यादा असल्यामुळे ९२ ओहम ही २५ °से. ची वाईटात वाईट बाजू झाली. ऑप-अँप निवडताना वेगवेगळ्या उत्पादकांच्या ‘स्विंग’ आकड्यांची तुलना मी याच रूपात करतो. एकाने २ किलोओहमवर मोजलेलं असतं, दुसऱ्याने १०० किलोओहमवर. मिलीव्होल्ट शेजारी शेजारी ठेवून काही कळत नाही, ओहम ठेवले की लगेच कळतं.

तुमचा खरा प्रवाह किती?

लोड म्हणजे फक्त पुढच्या टप्प्याचा रेझिस्टर नव्हे. फीडबॅकची, म्हणजे आउटपुट परत इनपुटला नेणाऱ्या रेझिस्टरची, साखळीही आउटपुटलाच लटकलेली असते. इन्व्हर्टिंग जोडणीत फीडबॅक रेझिस्टरचं दुसरं टोक आभासी ग्राउंडला (ऑप-अँप स्थिर व्होल्टेजवर धरून ठेवतो त्या इनपुटला) असतं, म्हणून तो एकटाच लोड म्हणून मोजा. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये दोन्ही रेझिस्टरची बेरीज. १ किलोओहमचा फीडबॅक लावून ‘माझा लोड तर एडीसी (व्होल्टेजचा डिजिटल आकडा करणारी चिप) आहे, प्रवाह शून्य’ म्हणणारी सर्किटं मी पाहिली आहेत. एलईडी, केबल, संरक्षणाचे डायोड, पुल-अप, सगळं मोजा. पुल-अप (आउटपुट वरच्या रेलला ओढणारा रेझिस्टर) असेल तर खालच्या बाजूचा प्रवाह त्यातून येतो, हे विसरायला होतं.

एलएम३५८ बाबतीत तर हा मुद्दा जास्तच टोचतो. १० किलोओहम ग्राउंडला जोडला, की आउटपुट टिपिकल ५ मिलीव्होल्टपर्यंत उतरतं. पण लोड वरून ओढणारा असेल, तर शून्याजवळ प्रवाह गिळायला आत साधारण ५० मायक्रोअँपिअरचाच करंट सिंक आहे, आणि हमी तर १२ मायक्रोअँपिअरचीच. त्यापेक्षा जास्त प्रवाह आला की खालचा पीएनपी ट्रान्झिस्टर जागा होतो आणि आउटपुट बेस-एमिटरच्या एका घटीवर, ०.६–०.७ व्होल्टला अडकतं. थंडीत तीच घट आणखी वर सरकते.

पंजासारखा आलेख

डेटाशीटच्या आलेखांत ‘आउटपुट व्होल्टेज विरुद्ध आउटपुट प्रवाह’ असा एक असतो. वरच्या रेलपासून खाली वळणाऱ्या काही रेषा, खालच्या रेलपासून वर येणाऱ्या काही, आणि प्रत्येकीवर −४०, २५, ८५, १२५ असं तापमान. दिसायला प्राण्याच्या पंजासारखा, म्हणून या क्षेत्रातले लोक त्याला क्लॉ कर्व्ह म्हणतात. तापमानाचा अंदाज बांधायला यापेक्षा उपयोगी पान डेटाशीटमध्ये नाही.

तो वाचायची माझी पद्धत अशी. आलेखाची छापील प्रत घ्या आणि त्याच्यावर तुमच्या लोडची सरळ रेषा पट्टीने काढा. लोड २ किलोओहम ग्राउंडला असेल, तर ० मिलिअँपिअर–० व्होल्ट या बिंदूपासून २ मिलिअँपिअर–४ व्होल्ट या बिंदूतून जाणारी रेषा. ही रेषा प्रत्येक तापमानाच्या वक्राला जिथे छेदते, तिथे त्या तापमानाचं जास्तीत जास्त आउटपुट. समीकरणं सोडवायला नकोत, आणि वक्र कुठे वाकायला लागतो हेही डोळ्यांना दिसतं. वाकण म्हणजे मॉसफेट रेझिस्टरसारखा वागायचं सोडून करंट सोर्स व्हायला निघाला आहे. तुमचा छेदबिंदू त्या वाकणीजवळ असेल, तर ‘प्रवाह × रेझिस्टन्स’ विसरा आणि दुसरा ऑप-अँप शोधा. अक्ष आधी तपासा, कारण काही आलेखांत हेडरूम लॉगरिदमिक मापात असतं. तिथे लोडची रेषा सरळ येत नाही.

टिपिकलवरून हमीकडे

अडचण अशी, की क्लॉ कर्व्ह टिपिकल असतो. तो ज्या नमुन्यावर मोजला, त्यापेक्षा तुमच्या हातातला नग वाईट असू शकतो. तक्त्यात हमी असते, पण ती एकाच तापमानाची. म्हणून दोन्हींतून एकेक गोष्ट उचलायची: हमीचा आकडा तक्त्यातून, तापमानाचं गुणोत्तर आलेखातून.

समजा तुमच्या प्रवाहाला आलेख २५ °से. वर ८० मिलीव्होल्ट आणि १२५ वर १२० दाखवतो. गुणोत्तर १.५. तक्त्यातल्या हमीवरून काढलेलं २५ °से. चं हेडरूम १५० मिलीव्होल्ट असेल, तर गरम टोकाची वाजवी वाईट मर्यादा २२५. आलेखातले १२० थेट घेणं ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक. तक्त्यात पूर्ण तापमानासाठी वेगळी मर्यादा दिलेली असेल, तर प्रश्नच मिटला. तीच घ्या, फक्त तुमच्या प्रवाहाच्या प्रमाणात बदला. आणि तापमानाचे वक्रच दिले नसतील, तर सीमॉसला वरचा १.५४ चा गुणक आणि फॉलोअरला दर जोडाला २ मिलीव्होल्ट प्रति अंश वापरा. हे दोन्ही आडाखे आहेत, हमी नव्हे. पण ‘२५ मिलीव्होल्ट’ या भ्रमापेक्षा पुष्कळ बरे.

एक उदाहरण शेवटपर्यंत

एमसीपी६००१, सप्लाय ५ व्होल्ट ±५%, लोड २ किलोओहम ग्राउंडला, नॉन-इन्व्हर्टिंग फीडबॅक साखळी एकूण १०० किलोओहम, १२५ °से. वरच्या बाजूचा स्विंग काढायचा आहे.

सप्लाय खालच्या टोकाला ४.७५ व्होल्ट. लोड २ आणि १०० किलोओहम समांतर, म्हणजे १,९६१ ओहम.

२५ °से. आणि ५.५ व्होल्टला ऑन-रेझिस्टन्स ९२ ओहम. सप्लाय उतरला की गेटला मिळणारा जोर उतरतो आणि रेझिस्टन्स वाढतो. थ्रेशोल्ड ढोबळपणे ०.७ व्होल्ट धरला, तर (५.५ − ०.७) ÷ (४.७५ − ०.७) ≈ १.१९. तापमानाचा गुणक १.५४. तर ९२ × १.१९ × १.५४ ≈ १६९ ओहम.

आता हा साधा डिव्हायडर झाला: ४.७५ × १९६१ ÷ (१९६१ + १६९) ≈ ४.३७ व्होल्ट. हेडरूम ३८० मिलीव्होल्टच्या आसपास, प्रवाह २.२३ मिलिअँपिअर. तक्त्यातल्या २५ मिलीव्होल्टच्या पंधरापट! त्यात तापमानाचा वाटा दीडपटीचाच, बाकी जवळजवळ सगळं लोडने खाल्लं. तापमानाचा विचार लोडनंतर करायचा, तो यासाठी.

गृहीतक टिकतं का तेही बघा. या ऑप-अँपचा शॉर्ट-सर्किट प्रवाह ५.५ व्होल्टला टिपिकल २३ मिलिअँपिअर आहे. आपण त्याच्या दहाव्या हिश्श्यात आहोत, तेव्हा मॉसफेट अजून रेझिस्टरच आहे. तुमचा प्रवाह तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला असेल, तर या पद्धतीवर विसंबू नका. गरमीत करंट लिमिट बऱ्याच ऑप-अँपमध्ये आणखी खाली येते.

४.३७ पर्यंत पोचतं, पण अचूक राहतं का?

स्विंगची चाचणी इनपुटला ओव्हरड्राइव्ह देऊन केलेली आहे, हे मघाशी वाचलंत. म्हणजे आउटपुट रेलवर आपटवून मोजलेलं. तिथे ओपन-लूप गेन (फीडबॅकशिवाय ऑप-अँप सिग्नल किती पट करतो तो आकडा) जवळजवळ मेलेला असतो आणि फीडबॅक नावापुरता उरतो. आउटपुट कुठपर्यंत अचूक राहील, हे स्विंगच्या ओळीत नसून ओपन-लूप गेनच्या ओळीत, तिच्या अटींमध्ये लपलेलं असतं. एमसीपी६००१ चा किमान ८८ डेसिबल गेन आउटपुट दोन्ही रेलपासून ०.३ व्होल्ट आत असताना दिला आहे. स्विंगच्या ओळीत २५ मिलीव्होल्ट, गेनच्या ओळीत ३००. एकाच कागदावर.

८८ डेसिबल म्हणजे साधारण २५,००० पट. ४ व्होल्ट आउटपुटला इनपुटवर ०.१६ मिलीव्होल्टची चूक. रेलजवळ गेन हजारावर आला, तर तीच चूक ४ मिलीव्होल्ट, आणि सर्किटच्या गेनने गुणून ती पुढे जाते. कम्पॅरेटरसारखा (दोन व्होल्टेजमधलं मोठं कोणतं एवढंच सांगणारा) वापर असेल तर ४.३७ घ्या. मोजमापाचं सर्किट असेल, तर मी त्याखाली आणखी १५०–२०० मिलीव्होल्ट सोडतो आणि पूर्ण स्केल ४.२ व्होल्टला बांधतो. हा आकडा अनुभवाचा आहे, सूत्राचा नाही.

जंक्शन (चिपच्या आतलं) तापमान आणि सप्लायची पिन

आलेखावरचं तापमान चिपचं असतं की हवेचं, हे लहान प्रवाहाला गौण. आपल्या उदाहरणात ०.३८ व्होल्ट × २.२३ मिलिअँपिअर म्हणजे एक मिलीवॉटही नाही. छोट्या एसओटी पॅकेजचे अंदाजे २५० °से. प्रति वॉट धरले तरी अर्ध्या अंशाच्या आत. पण तोच हिशोब ५० मिलिअँपिअर आणि ट्रान्झिस्टरवर ५ व्होल्ट असताना करा: २५० मिलीवॉट, म्हणजे हवेपेक्षा ६२ अंश वर. मजा अशी, की आउटपुट रेलजवळ असताना ट्रान्झिस्टर सर्वांत कमी तापतो. रेझिस्टिव्ह लोडला खरा ताप मध्यावर होतो. म्हणून सिग्नल हळूहळू फिरत असेल, तर चिप मध्यावर तापून मग टोकाला पोचते.

सप्लाय मोजायचा तो ऑप-अँपच्या पिनेवर. एकदा एका बोर्डाचं वरचं टोक हिशोबापेक्षा पाव व्होल्ट खाली येत होतं. दोन दिवस मी तापमानाला दोष देत बसलो. सप्लायच्या फिल्टरमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर होता, आणि लोडचा २ मिलिअँपिअरहून थोडा जास्त असलेला सगळा प्रवाह त्यातूनच जात होता. हा रेझिस्टर मी स्वतःच टाकला होता, हे वेगळं सांगायला नको.

एसी सिग्नल असेल तर शिखराचा स्विंग स्ल्यू रेटही (आउटपुट जास्तीत जास्त किती वेगाने बदलू शकतं ते) ठरवतो. ०.६ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाला २ व्होल्ट शिखराची साइन साधारण ४८ किलोहर्ट्झपर्यंतच शाबूत राहते. कपॅसिटिव्ह लोडचा प्रवाह मात्र शिखरावर शून्य असतो, तेव्हा हेडरूमच्या हिशोबात तो धरू नका.

हिशोब कमी पडला तर

आधी फीडबॅकचे रेझिस्टर वाढवा. फुकटचा उपाय आहे. मग लोड अर्ध्या सप्लायला नेता येतो का बघा. एडीसीचा संदर्भ सप्लायपेक्षा खाली, म्हणजे ४.०९६ व्होल्ट ठेवला, तर वरच्या टोकाची निम्मी भांडणं संपतात. खरं शून्य हवं असेल, तर कुठलाही सिंगल-सप्लाय ऑप-अँप लोडच्या मदतीशिवाय तिथे अचूक पोचत नाही. खालच्या रेलला किंचित ऋण व्होल्टेज द्यावं लागतं. एलएम७७०५ सारखे छोटे जनरेटर सुमारे −०.२३ व्होल्ट देतात ते याचसाठी. फक्त एकूण सप्लाय ऑप-अँपच्या कमाल मर्यादेत राहतो ना, हे बघा.

चेंबरमध्ये पडताळा

बोर्ड चेंबरमध्ये ठेवल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटं थांबा. चेंबरच्या पडद्यावरचं तापमान बोर्डाचं नसतं. थर्मोकपल ऑप-अँपच्या ग्राउंड पिनेजवळच्या तांब्याला चिकटवा. थंड टोकाला आधी कोरडी हवा सोडा, नाहीतर दव साचतं आणि उच्च रेझिस्टन्सच्या नोडमधली गळती तुम्हाला स्विंगचा दोष वाटेल. फ्रीझ स्प्रे दोष शोधायला चांगला, आकडा नोंदवायला नाही.

इनपुट हळूहळू वाढवत न्या, आणि फक्त आउटपुट बघू नका. दुसरा मीटर ऑप-अँपच्या दोन इनपुट पिनांमध्ये लावा. लूप ताब्यात असेपर्यंत तिथे ऑफसेटइतकं, एखाद-दोन मिलीव्होल्टचं स्थिर वाचन असतं. ज्या क्षणी ते सरकायला लागतं, त्या क्षणीचं आउटपुट म्हणजे त्या तापमानाचा तुमचा खरा, वापरण्याजोगा स्विंग. आउटपुट त्यानंतरही थोडं वर चढताना दिसेल, ते नोंदवू नका. −४०, २५ आणि वरचं टोक, तिन्हीकडे दोन्ही रेलना हेच करा, सप्लाय किमान मर्यादेवर ठेवून आणि पूर्ण लोड जोडून. मोजलेलं हेडरूम तुमच्या हिशोबापेक्षा साधारण निम्मं निघालं तर बहुधा सगळं ठीक आहे, कारण हिशोब हमीचा होता आणि हातातला नग टिपिकल. ते हिशोबाच्या बरोबरीला किंवा वर आलं, तर ऑप-अँप बदलण्याआधी लोड पुन्हा मोजा.